डावीकडे आठ मिलिमीटर

सजद्यात गेले की दोन्ही डोळ्यांच्या मधोमध कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखे व्हायचे. उभी असताना काही नाही, रुकूत थोडे जड, आणि कपाळ मुसल्ल्याला टेकले की कळ. दोन रकात होईपर्यंत डोळ्यांतून पाणी. माझी नणंद एकदा म्हणाली, "भाबी, किती खुशू आहे तुमच्या नमाजमध्ये, रडता तुम्ही!" मला हसू आले आणि लाजही वाटली. ते खुशू नव्हते, सायनस होते.

हे दुखणे एका दिवसाचे नव्हते. शाळेत पहिली पाच वर्षे मी त्याला खडूची धूळ म्हणत होते, पुढची पाच वर्षे कोकणातला पावसाळा. वाफ घेतली, ओव्याची पुरचुंडी हुंगली, गोळ्यांचे कोर्स केले. रात्री तोंड उघडे ठेवून झोपायची सवय लागली. मग वास जायला लागला. आधी अत्तराचा, मग आमटीच्या फोडणीचा, मग तव्यावरच्या बांगड्याचासुद्धा. दूध करपून काळे झाले तरी मी शेजारच्या खोलीत निवांत वह्या तपासत बसलेली असायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिले आणि सांगितले, "मॅडम, दोन्ही बाजूंना मांस वाढले आहे. ऑपरेशन करून घ्या."

मी तीन वर्षे नाही म्हटले. त्याचे कारण माझे मामू.

१९८७ साली मामूंचे असेच नाकातले मांस काढले होते. मी तेव्हा लहान होते, पण घरातली कुजबुज आठवते. ऑपरेशन झाले, नाक मोकळे झाले, अम्मीने शिरा करून वाटला. दोन आठवड्यांनी मामू नमाजला उभे राहिले तेव्हा सजद्यात त्यांच्या उजव्या नाकपुडीतून थेंब पडले. पाण्यासारखे स्वच्छ थेंब. मुसल्ल्यावर ओला डाग पडायचा. सगळे म्हणाले, सर्दी आहे, उतरेल. सर्दीचे पाणी दोन्हीकडून येते, थोडे चिकट असते आणि फक्त वाकल्यावर टपटपत नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. महिन्याभरात ताप चढला, मान ताठ झाली, मामू बरळू लागले. मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला होता. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, पण कान दोन्ही गेले. तिशीतला माणूस, गावात ज्याच्या आवाजातली अजान लोक कान देऊन ऐकत, त्याला त्यानंतर स्वतःची अजानही ऐकू आली नाही.

नाकाचे छत म्हणजे मेंदूची जमीन. त्या दोघांच्या मधला पडदा कुठेतरी फुटला होता आणि मेंदूभोवतीचे पाणी नाकात झिरपत होते. त्याच वाटेने जंतू वर गेले. त्या डॉक्टरांना मी आज दोष देत नाही. त्यांच्यापाशी कपाळावरचा दिवा, एक साधा एक्स-रे आणि हाताचा अंदाज एवढेच होते. पण आमच्या घरात 'नाकाचे ऑपरेशन' हे शब्द त्यानंतर कोणी मोठ्याने उच्चारत नसे.

माझा नकार मोडला तो गॅसने. सिलिंडरच्या नळीतून गळती होत होती आणि मी ओट्याशी उभी राहून काडीपेटी शोधत होते. मुलगी कॉलेजमधून आली ती दारातूनच ओरडत, "अम्मी, हात लावू नकोस!" तिने खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला आणि मग माझ्यावर इतकी रागावली की मला माझी अम्मी आठवली. त्या रात्री मी माझ्या पतींना म्हटले, "मुंबईला दाखवू या."

जाण्याआधी हाताशी काहीतरी असावे म्हणून मी जवळच्याच एका केंद्रात सीटी स्कॅन करून घेतला. तेव्हा मला जोराची सर्दी होती. एक मोठी फिल्म मिळाली आणि एक पानभर अहवाल. मुंबईच्या सर्जननी ती फिल्म उजेडासमोर धरली आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवली. "ह्यावरून मी ऑपरेशन करणार नाही."

मला राग आला. पैसे गेले होते, रजा गेली होती. पण त्यांनी कारण सांगितले आणि ते मला पटले. भर सर्दीत काढलेल्या स्कॅनमध्ये सगळेच सुजलेले, भरलेले दिसते. कायमचा आजार कुठला आणि चार दिवसांची सर्दी कुठली ते वेगळे काढता येत नाही. दुसरे असे की केंद्राने काप जाड घेतले होते. "तुम्ही पाव जाड कापलात तर मधले छिद्र एखाद्या कापाच्या पोटात दडून राहते. मला एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप हवेत, आणि फिल्म नको, सीडी हवी. ती संगणकावर मला हवी तशी फिरवून मोजता येते." त्यांनी महिनाभर नाकात मारायचा स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि औषधे लिहून दिली. त्यानंतर पुन्हा स्कॅन. मला पूर्वी कोणी हे सांगितले असते तर दोनदा खर्च झाला नसता, म्हणून इथे लिहून ठेवते: ऑपरेशनसाठी स्कॅन काढायचा असेल तर आधी ऑपरेशन करणाऱ्यालाच विचारावे, तो कधी आणि कसा काढायचा.

दुसऱ्या स्कॅनच्या वेळी चमकी काढायला सांगितले. लग्नापासून नाकात होती, निघता निघेना. साबण लावून, आपाने आपल्या नखांनी ओढून ती काढली. धातू असला की चित्रावर किरणांसारखे पांढरे पट्टे उमटतात आणि नेमके हवे ते झाकले जाते. दुपट्ट्याच्या पिना, कानातले, केसांचे आकडे, सगळे एका रुमालात बांधले. तिथल्या मुलीने दार लावून घेतले, मी गरोदर नाही ना ते विचारले आणि मला आडवे केले. मनात आयतुल कुर्सी सुरू केली होती. ती पूर्ण व्हायच्या आत स्कॅन संपला.

ह्या यंत्राचा जन्म गाण्याच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीत झाला, हे मला नंतर वाचून कळले. ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ते बनवले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले गेले. त्या चित्रात आडवे ८० आणि उभे ८० इतकेच ठिपके होते. माझ्या नववीच्या मुलांच्या आलेख वहीत त्याहून जास्त चौकोन असतील. १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळाले. युक्ती अशी की डोक्याभोवती फिरत अनेक कोनांतून एक्स-रे सोडायचे, कुठून किती अडले त्याचा हिशेब करायचा आणि आतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा द्यायचा. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला शेकड्यांत किंवा त्याहूनही वर. म्हणजे चित्र दिसते ते मुळात आकड्यांचा तक्ता असतो. मला हे फार आवडले. मोजणी नंतर केलेली नसते, चित्रच मोजणीचे बनलेले असते.

सर्जननी पडद्यावर माझे डोके उघडले. समोरून पाहावे तसे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत उभे कापलेले. हवा काळी, हाड पांढरे, बाकी सारे करडे. जे काळे असायला हवे होते ते माझे बहुतेक करडे होते. मी उगाच हुशारी दाखवायला म्हटले, "उजवी बाजू जास्त भरलेली दिसते."

"ती तुमची डावी आहे," ते म्हणाले. "तुम्ही माझ्यासमोर बसलात तर तुमचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो ना? तसेच इथे." वीस वर्षे मी मुलांसमोर उभी राहून 'उजवा हात वर' सांगताना मुद्दाम माझा डावा हात वर करते. आणि स्वतःच्या डोक्याबाबत चुकले! ते म्हणाले, ऑपरेशनच्या टेबलावर सुरुवातीलाच बाजू पुन्हा पडताळून घेतात, कारण ही चूक फक्त शिक्षिकाच करतात असे नाही.

मग ते एकेक काप पुढे सरकवत गेले. गालांमागच्या मोठ्या पोकळ्या, कपाळातल्या, आणि डोळ्यांच्या मधले जाळीदार हाड, मधाच्या पोळ्यासारखे. सायनस ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ घडी, खोलगट जागा, कपड्याचा गळा. आजचे अरब डॉक्टर त्यांना जुयूब म्हणतात, जैबचे अनेकवचन. तीच आपल्या उर्दूतली जेब. सूरह नूरमध्ये ओढणीच्या संदर्भात हाच शब्द येतो. गंमत म्हणजे गणितातला साइनही असाच आला. संस्कृतातली जीवा अरबांनी जीबा म्हणून घेतली, लिहिताना स्वर नसल्याने ती जैब वाचली गेली, आणि बाराव्या शतकात युरोपात भाषांतर करणाऱ्यांनी तिचे सायनस केले. पदराचा खिसा म्हणून शब्द फिरत फिरत माझ्या कपाळात येऊन बसला. भाषेच्या शिक्षिकेला अशा वेळी आजार विसरायला होते.

सर्जन मात्र विसरले नव्हते. त्यांनी थांबून थांबून काही जागा दाखवल्या. डोळ्याची खोबण आणि नाक यांच्या मधली भिंत, जिला वैद्यकात कागदाचेच नाव आहे, इतकी ती पातळ. ती कुठे आत झुकली आहे का, आधीच फाटलेली आहे का, ते पाहायचे. छताजवळून जाणारी एक धमनी, जी काहींमध्ये हाडात दडलेली असते आणि काहींमध्ये दोरीसारखी मोकळी लटकते. अगदी मागच्या पोकळीच्या भिंतीत डोळ्याची नस आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी. काही लोकांत त्या मागच्या पोकळीच्या वर आणखी एक चोरकप्पा असतो, आणि डोळ्याची नस त्याच्या कडेने जाते. तो असल्याचे आधी माहीत नसेल तर हत्यार थेट नसेवर जाऊ शकते. माझ्यात तो नव्हता.

शेवटी छत. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, वासाच्या नसा जिथून खाली उतरतात तिथे मेंदूची जमीन थोडी खाली खचलेली असते. ह्या खाचेची खोली माणसागणिक बदलते. झाग्रेबचे शरीररचनातज्ज्ञ केरोस यांनी १९६२ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७ आणि ८ ते १६. खाच जितकी खोल तितकी तिच्या बाजूची भिंत उंच आणि उघडी. आणि ती भिंत कवटीतल्या सगळ्यात नाजूक हाडांपैकी एक, काही ठिकाणी मिलिमीटरचा विसावा भाग इतकी पातळ. वहीच्या कागदाएवढीही नाही.

त्यांनी पडद्यावर वरून खाली रेघ ओढली. उजवीकडे आकडा आला ५. डावीकडे ८.

"तुमच्या दोन बाजू सारख्या नाहीत," ते म्हणाले. "उजवीकडे मी नेहमीसारखे काम करीन. डावीकडे वरच्या कोपऱ्यातले मांस सगळे काढण्याच्या नादी लागणार नाही. थोडे राहिले तरी चालेल. ते स्प्रेने आटोक्यात ठेवू."

मी मामूंची हकिगत सांगितली. ते ऐकत राहिले. मग विचारले, "साल कोणते?" मी म्हटले १९८७. ते म्हणाले, त्याच साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या रेडिओलॉजिस्टांनी, झाइनराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुर्बिणीने नाकाचे ऑपरेशन करणाऱ्याला कशा प्रकारचा सीटी हवा ते लिहून प्रसिद्ध केले होते. दुर्बिणीने नाकाच्या आत पाहून काम करण्याची रीत ऑस्ट्रियात ग्राझ शहरी मेसरक्लिंगर यांनी घडवली होती, ती तेव्हा नुकती जगभर पसरत होती. त्याच वर्षी आमचे मामू एसटीने जिल्ह्याच्या गावी गेले होते, एका एक्स-रेच्या भरवशावर. कोकण रेल्वे नव्हती, जिल्ह्यात हे यंत्र नव्हते.

मी विचारले, आता मोबाइलच्या नकाशासारखे, हत्याराचे टोक कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारे यंत्र निघाले आहे म्हणतात, ते लागेल का? ते म्हणाले, पूर्वी ऑपरेशन होऊन खुणा मोडल्या असतील, तर फार उपयोगी. तुमचे पहिलेच आहे. पण यंत्र असो वा नसो, आदल्या रात्री हे काप मला स्वतः बघावेच लागतात.

परतीच्या गाडीत माझ्या मनात अबुल कासिम अज़-ज़हरावी होते. कुर्तुबाजवळचे हे हकीम. त्यांच्या 'अत-तसरीफ' ग्रंथाचा तिसावा आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. शाळेत मुस्लिम शास्त्रज्ञांवर भाषण असले की आम्ही त्यांनी काढलेल्या हत्यारांच्या चित्रांचे कौतुक करतो. पण त्या भागाच्या सुरुवातीलाच ते कोणाची चूक सांगतात ते भाषणात येत नाही. शरीराची रचना न शिकलेल्या एका वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापायला घेतली, रक्तवाहिन्या कापल्या गेल्या आणि ती त्याच्या समोरच गेली. आणि अब्दुल लतीफ अल-बगदादी. ११६२ साली जन्मलेले. मिसरमधल्या मोठ्या दुष्काळानंतर उघड्यावर पडलेल्या हाडांच्या ढिगात ते गेले आणि दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. जालिनूसच्या ग्रंथात खालचा जबडा दोन हाडांचा लिहिला होता. त्यांना प्रत्येक कवटीत तो एकच हाड दिसला. एवढ्या मोठ्या उस्तादापेक्षा त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. आपण ह्या लोकांच्या नावाचा अभिमान बाळगतो आणि घरी मात्र कोणाला काय झाले होते ह्याच्या ऐकीव भीतीवर तीन वर्षे काढतो. माझेच सांगते आहे.

ऑपरेशनला निघण्याच्या आदल्या दिवशी मामू आले. आता सत्तरीकडे झुकलेत. ओठ वाचतात, नाही कळले तर आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला उर्दूत लिहितो. मी लॅपटॉप उघडून त्यांना चित्र दाखवले, डावीकडची रेघ दाखवली आणि लिहिले, आठ. उजवीकडे लिहिले, पाच. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग कान गेलेल्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात विचारले, "माझे किती होते?"

मी लिहिले, "मोजले नव्हते, मामू."

त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा मागितला.

ऑपरेशन दीड-दोन तासांचे झाले. नंतरचे दिवस सुखाचे नव्हते. रक्ताच्या खपल्या, दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्याने नाक धुणे, शिंकरायचे नाही, वाकायचे नाही, बादली उचलायची नाही. सर्जननी बजावले होते की एका बाजूने पाण्यासारखे स्वच्छ थेंब पडले, विशेषतः वाकल्यावर, किंवा घशात खारट चव उतरली, तर सकाळची वाट न पाहता फोन करा. नमाज खुर्चीवर, सजदा इशाऱ्याने. आमच्या शाफई मसलकात वुजूमध्ये नाकात पाणी घेणे सुन्नत आहे, त्यामुळे पहिले दिवस ते सोडले तरी चालले. एरवी डॉक्टरांच्या पिचकारीने त्याहून जास्तच घेत होते. वास हळूहळू आला. पहिला आला तो कांद्याचा. अत्तराचा अजून अर्धाच येतो. डावीकडे थोडे मांस आहे, ते आहेच. स्प्रे चालू आहे.

तीन आठवड्यांनी तपासणी झाली आणि जमिनीवर सजद्याची परवानगी मिळाली. त्या संध्याकाळी मामू आमच्याकडेच होते. मगरिबला मी मुसल्ला अंथरला. कपाळ टेकले. जड वाटले, पण ती जुनी कळ नव्हती. सलाम फेरून मी बाजूला झाले तेव्हा मामू गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि जिथे माझे कपाळ टेकले होते तिथे त्यांनी तळवा फिरवला. मग उलटा हात फिरवला, पिठाची परात कोरडी झाली का बघावी तसा.

"सुका आहे," ते मोठ्याने म्हणाले, आणि मुसल्ल्याची घडी घालायला लागले.